चिमूटभर मीठ

बर्फ पडावं की नाही, हे सेंदाईच्या आभाळाचं ठरत नव्हतं.
गुरुवार. म्हाताऱ्यांना अर्धं तिकीट.
थिएटर पाचिंकोच्या दुकानावर, वरच्या मजल्याला,
खालच्या छर्‍यांचा खडखडाट फरशीतून तळपायात येतो.
मी म्हटलं, रहस्यपट आहे, खून कुणी केला ते शेवटी कळतं.
हे म्हणाले, चल.

पडद्यावर कुगा नावाचा एक सुतार.
मालकिणीचा खून, विहिरीत हातोडी,
एक वकीलबाई चिखलातून पुरावे वेचत हिंडते
आणि तुरुंगात रोज सकाळी बूट वाजतात,
एकेका दारावरून पुढे जातात.
नऊ वाजून गेले की माणूस त्या दिवसापुरता जगला.
मी डब्यातली हिरवी मोची ह्यांच्यापुढे धरली.
"बूट असे वाजत नाहीत," हे पुटपुटले.
"मग?"
"रबरी तळ असतात."

मला माहीत होतं ते इतकंच:
तुरुंगात ह्यांच्याकडे कोठार.
चादरी, साबण, तांदळाची पोती.

मग ती खोली आली.
निळा पडदा, पडद्याआड भिंत, भिंतीवर तीन बटणं,
बटणांपुढे तीन माणसं, हातमोजे घातलेली.
तिघांतलं एकच बटण जोडलेलं.
कुठलं, ते तिघांनाही ठाऊक नाही.
कुणीतरी हात वर केला, खाली आणला,
आणि अंधारात ह्यांचा अंगठा
माझ्या तळव्यात रुतला.
दचकल्यासारखा नव्हे. सरावाचा.
खोलवर, आणि सोडायला सांगेपर्यंत
तसाच.

तिथून पुढचा सिनेमा मी पाहिला नाही.
माझाच सुरू झाला.
लिफ्टमध्ये हे नेहमी पिशव्या दोन्ही हातांत घेऊन उभे.
भाताच्या कुकरला कधी हात नाही.
स्वतःच्या दाराची घंटा नाही, टकटक.
मी आळशी म्हणायचे, विसराळू म्हणायचे,
सासूबाईंनी लाडावलंय म्हणायचे.
आणि एकतीस वर्षांपूर्वीचा डिसेंबर:
सकाळी अकरालाच घरी,
उंबऱ्याबाहेर उभं राहून म्हणाले, मीठ आण.
मसणातून आल्यासारखे.
"कोण गेलं?"
काही बोलले नाहीत. मी खांद्यांवर मीठ टाकलं,
हे झटकत राहिले, मीठ संपल्यावरही.
त्या रात्री आम्हाला ईल मासा खायला नेलं,
खिशात कोऱ्या नोटा.
मिसाओने दुसरी थाळी मागितली, तीही दिली.
लोक खाल्ल्या मिठाला जागतात.
मी त्या माशाला जागले.
पुन्हा विचारलं नाही.

हे उठले. जाऊन येतो म्हणाले, आले नाहीत.
मी बसून राहिले.
वकीलबाई पोचली तेव्हा कुगाची राखसुद्धा गार झाली होती.
खून भाच्याने केला होता,
जो कुगाच्या आईला दर नव्या वर्षी
न चुकता तांदूळ पाठवायचा.

खाली, पेयांच्या मशीनपुढे हे उभे.
नाणं आत टाकलेलं,
सगळी बटणं पेटलेली,
हात कोटाच्या खिशात.
"तू दाब," म्हणाले.
मी दाबलं. डबा
धप्पकन खाली पडला
आणि ह्यांनी डोळे मिटले,
अगदी थोडेसे, बर्फ डोळ्यांत गेल्यासारखे.
बर्फ पडत नव्हतं.

गरम कॉफी दोन्ही हातांत धरून
बस येईपर्यंत हे गप्प.
मग, रस्त्याकडे बघत:
"कोण निघाला शेवटी?"
मी मफलर सारखा केला.
"सुतारच," म्हटलं. "तोच होता."
ह्यांनी मान हलवली. एकदा. थांबून, परत एकदा.
"तरी बूट चुकीचे दाखवले," म्हणाले.

घरी मी आधी आत गेले.
डबीतून मीठ आणलं,
उंबऱ्यावर ह्यांच्या खांद्यांवर टाकलं,
डाव्या, उजव्या,
मुठीत उरलेलं माझ्या.
कोण गेलं,
हे त्यांनी विचारलं नाही.